पाच मार्कांची बायको

मैत्रिणींनो, घरातलं कुणी फॉरेनला चाललंय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? चाकांच्या मोठ्या बॅगा, विमानतळावरचे हार घातलेले फोटो, गल्लीभर वाटलेले पेढे. पण हा झाला शेवटचा अंक. त्याच्या आधी दोन-तीन वर्षं घरात जे नाटक चाललेलं असतं, ते काही कुणी बघायला बोलावत नाही. त्या नाटकात बायकोचं काम किती मोठं असतं, हे मलाही आधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आज तुमच्याशी चार गोष्टी बोलायला बसले आहे. कंपनी आपल्या खर्चानं नेते ती तऱ्हा वेगळी. मी सांगते ती स्वतः अर्ज करून, 'आम्हाला हे हे काम येतं, आम्हाला घ्या' असं म्हणत परक्या देशाच्या दारात उभं राहायची.

आम्ही दुधनीचे. सोलापूरहून वाडीकडे जाणारी गाडी धरली की अक्कलकोट रोडच्या पुढे आमचं स्टेशन लागतं. आणखी थोडं पुढे गेलं की गाणगापूर रोड, म्हणजे कर्नाटकच. तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर. पण घरात आम्ही कन्नड बोलतो, शाळेत मराठी शिकलो, आणि बाजारात समोरच्याला जी येईल ती. तुरीच्या हंगामात मार्केट यार्डाच्या बाजूला पोत्यांतून वाट काढत जावं लागतं. अशा गावातून ऑस्ट्रेलियाला कोण जातं बाई, असं तुम्ही म्हणाल. आमच्या शेजारणीही तेच म्हणाल्या.

आमचे 'हे' सिव्हिल इंजिनिअर. सोलापूरला एका खाजगी ठेकेदाराकडे बारा-तेरा वर्षं नोकरी, रोज गाडीनं जाऊन-येऊन. काम उदंड, पण पगार कधी दोन महिने मागे तर कधी तीन. २०२२ साली ह्यांच्या कॉलेजातला एक मित्र अ‍ॅडलेडला गेला आणि हे खूळ आमच्या घरात शिरलं. खूळ म्हणते खरी, पण विचार काही खुळा नव्हता. एका रविवारी दुपारी ह्यांनी मुलाच्या जुन्या वहीचा पाठकोरा कागद घेतला आणि मला शेजारी बसवून हिशेब मांडला.

ऑस्ट्रेलियाची रीत अशी, की माणसाला चक्क मार्क देतात. वय २५ ते ३२ असेल तर ३०. ३३ ते ३९ असेल तर २५. चाळिशी लागली की एकदम १५ वर घसरण, आणि पंचेचाळिशीला दारच बंद. पदवीचे १५. आठ वर्षांच्या वर अनुभव असेल तर १५. इंग्रजीची परीक्षा द्यायची. तिच्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं ह्या चारही भागांत सात-सात मिळाले तर १०, आठ-आठ मिळाले तर २०. ह्यांची बेरीज आली बरोबर ६५. आणि पात्रतेची रेघ तीच, ६५! मी म्हटलं, झालं की मग. तर हे म्हणाले, "अगं, पासष्टला नुसतं रांगेत उभं राहता येतं. बोलावणं वरच्या मार्कांपासून खाली येतं."

मग ह्यांनी शेवटची ओळ वाचली. ती बायकोची. लग्न झालेलं नसेल तर १० मार्क. बायको असेल, तिचं काम त्यांच्या यादीत असेल आणि तिला इंग्रजी येत असेल, तर १०. नुसतं इंग्रजी येत असेल तर ५. काहीच नसेल तर शून्य. हा नियम नोव्हेंबर २०१९ पासूनचा.

म्हणजे बघा हं! हे बिनलग्नाचे असते तर दहा मार्क बसल्या जागी मिळाले असते. माझ्याशी लग्न केलं आणि भोपळा. सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो, पलीकडे डाळ निवडत होत्या. त्यांना कन्नडमधून समजावून सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की सुपातली डाळ सांडली. "पाच मार्कांसाठी दुसरी करतोस की काय रे?" म्हणाल्या. हसलो आम्ही सगळेच. पण रात्री मला झोप आली नाही. अकरा वर्षं ह्या घरात चूल सांभाळली, मूल वाढवलं, मामंजींचं आजारपण काढलं, त्याचा ह्या कागदावर कुठे रकानाच नव्हता. होता तो एकच, इंग्रजीचा.

आणि नुसते पाच मार्क जातात एवढंच नाही. बायकोला निदान कामापुरतं इंग्रजी येतं हे दाखवता आलं नाही, तर तिच्या नावानं वेगळी फी भरावी लागते. आमच्या वेळी ती जवळजवळ ४,९०० डॉलर होती, रुपयांत अडीच लाखांच्या वर. कॉलेज इंग्रजी माध्यमातून झालं असेल तर तसा दाखला चालतो. माझी बी. ए. मराठीतून. दाखला कुठून आणू?

म्हणून चौतिसाव्या वर्षी मी इंग्रजी शिकायला बसले. परीक्षेचं नाव आयईएलटीएस. पाच मार्क मिळवायला बायकोला चारही भागांत निदान सहा-सहा लागतात. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर माझा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ऐकण्याची परीक्षा अर्ध्या तासाची, आणि तिथे आवाज एकदाच ऐकवतात. पहिले दोन महिने मला काही म्हणता काही कळत नव्हतं. ऑस्ट्रेलियन माणूस 'डे' म्हणतो ते आपल्याला 'डाय' ऐकू येतं! मग मी भाकऱ्या थापताना त्यांच्या आकाशवाणीच्या बातम्या मोबाइलवर लावू लागले. हात पिठात, त्यामुळे मध्येच थांबवून मागे जाता येत नाही, हे परीक्षेसारखंच. तिसऱ्या महिन्यात बातम्यांतला पाऊस, आग, क्रिकेट एवढं सुटं होऊन ऐकू यायला लागलं. लिहिण्याच्या परीक्षेत एक पत्र आणि एक निबंध. पत्र लिहायला आपल्या पिढीला कुणी शिकवायला नको, असं मला वाटत होतं. पण त्यांचं पत्र कोरडं. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' नाही, घरच्यांची खुशाली नाही. घरमालकाला गळक्या नळाबद्दल लिहायचं, तर पहिल्याच ओळीत नळ!

सगळ्यांत भीती बोलण्याची. समोर परीक्षक बसतो, एक चिठ्ठी देतो, एक मिनिट विचार करायला, मग दोन मिनिटं न थांबता बोलायचं. सवयीसाठी मी दुपारी अव्वांच्या समोर बसून बोलायची. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण मी अडखळले की त्यांना बरोबर कळायचं. तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणायच्या, "निंतेल्ल!" म्हणजे थांबलीस की! एवढी कडक मास्तरीण मला पुण्यातही मिळाली नसती.

परीक्षा पुण्याला दिली. आदल्या दिवशी सोलापूर, पहाटे हुतात्मा एक्सप्रेस, मामेबहिणीकडे मुक्काम. फी तेव्हा सोळा हजारांच्या पुढे. पहिल्या खेपेला लिहिण्यात साडेपाच आले. अर्ध्या मार्कासाठी पुन्हा सोळा हजार. हे काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी मुलाचा अभ्यास घ्यायला स्वतः बसले आणि मला म्हणाले, "तू तुझं लिही." दुसऱ्या खेपेला चारही ठिकाणी सहाच्या वर. पाच मार्क पदरात पडले. शिवाय एखाद्या राज्यानं आपल्या ग्रामीण किंवा लहान शहरांच्या भागासाठी आपली निवड केली, तर आणखी १५ मिळतात. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकी बहुतेक देश त्यात येतो, अ‍ॅडलेडसुद्धा. त्या व्हिसाची मुदत पाच वर्षं, आणि तीन वर्षं अशाच भागात राहून, कमावून दाखवलं की कायमचं राहण्यासाठी अर्ज करता येतो. आमची बेरीज ८५ झाली. त्यात माझे पाच आहेत, हे मी घरात अधूनमधून आठवण करून देत असते.

आता नावांचं पुराण. मैत्रिणींनो, हे मात्र नीट ऐका, कारण परदेशी जायचं नसलं तरी हे दुखणं प्रत्येकीच्या घरी आहे.

माझा जन्म आजोळचा, आळंद तालुक्यातला, म्हणजे कर्नाटकातला. नोंद कन्नडमधून. तिच्यात वडिलांचं नाव, आईचं नाव, 'स्त्री' एवढं सगळं आहे. बाळाच्या नावाची जागा कोरी. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली! शाळेत मी महादेवी, पुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नात नाव बदललं, मीनाक्षी झाले, पुढे ह्यांचं नाव आणि सासरचं आडनाव. पदवीच्या कागदावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी, आणि बँकेत तिसरी, कारण तिथे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलंय. गावात सगळे मला ओळखतात, म्हणून मी एकच आहे हे सिद्ध करायची वेळ कधी आली नव्हती. अ‍ॅडलेडच्या साहेबाला ते कसं कळावं?

मग सुरू झाल्या फेऱ्या. लग्नाची नोंद आमच्याकडे पुष्कळजणी करतच नाहीत. पत्रिका असते, अल्बम असतो, मूलही असतं, पण दाखला नसतो. आम्हीही ती नोंद बारा वर्षांनी केली. पत्रिका, फोटो आणि तीन साक्षीदार घेऊन. साक्षीदारांतले एक काका लग्नात रुसून जेवले नव्हते, ते मोठ्या हौसेनं सही करायला आले. जन्माच्या नोंदीत नाव घालून घ्यायला आळंदला तीन फेऱ्या झाल्या. राज्याच्या राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात दिली. महादेवी आणि मीनाक्षी ही एकच व्यक्ती, असं प्रतिज्ञापत्र केलं. कन्नड कागद आणि मराठी कागद, दोन्हींची इंग्रजी भाषांतरं. त्यांवर भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता, शिक्षण आणि सही.

व्हिसाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: ह्याआधी तुम्हाला कोणकोणत्या नावांनी ओळखत होते? मी तिथे महादेवी लिहिलं आणि जरा वेळ तशीच बसले. लग्नानंतर हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

ह्या निमित्तानं आनंदीबाई जोश्यांची आठवण झाली. माहेरची ती यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि आनंदी झाली. ७ एप्रिल १८८३ ला ती कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसली, त्याच्या आधी फेब्रुवारीत श्रीरामपूरला, बंगालमधलं श्रीरामपूर हं, भर सभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातोय ते इंग्रजीतून सांगितलं, आणि १८८६ साली पेनसिल्व्हानियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली. तेव्हा तिला एकविसावं वर्ष चालू होतं. तिला पासपोर्ट-व्हिसाचा हा जाच नव्हता. दुसरे जाच होते, त्यांपुढे माझ्या तीन फेऱ्या म्हणजे काहीच नाहीत. तरी मनात आलं, आज ती निघाली असती तर तिलाही यमुना आणि आनंदी एकच, म्हणून प्रतिज्ञापत्र करावं लागलं असतं.

मुलींची लग्नं ठरवणाऱ्या आयांना माझं एकच सांगणं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. हौसेनं बदलायचं तर जरूर बदला, पण मग सगळीकडे बदला, आणि लग्नाची नोंद त्याच महिन्यात करा. अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवलं की पुढे वकिलाची चैन होते.

ह्यांच्या कागदांची तऱ्हा आणखी न्यारी. इंजिनिअर आहोत हे तिकडच्या इंजिनिअरांच्या संस्थेला पटवावं लागतं. त्यासाठी स्वतः केलेल्या कामांच्या तीन हकिकती लिहायच्या. ह्यांनी एका पुलाची हकिकत लिहिली, छान लिहिली होती. पण सगळीकडे 'आम्ही'. आम्ही खोदाई केली, आम्ही काँक्रीट ओतलं. ती संस्था म्हणते 'आम्ही' चालणार नाही. तुम्ही स्वतः काय ठरवलं, कोणता हिशेब केला, कोणती अडचण सोडवली ते 'मी' म्हणून लिहा. दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवलं तर अर्जच बाद करतात. आमच्या ह्यांना 'मी' लिहिता येईना! लाज वाटते म्हणाले. शेवटी मी समोर बसून विचारायची, "ह्यातलं तुम्ही काय केलंत?" आणि ते सांगतील ते लिहून घ्यायची. बारा वर्षांच्या संसारात ह्यांच्या कामाबद्दल मला जेवढं माहीत नव्हतं, तेवढं त्या पंधरा दिवसांत कळलं. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री का ओततात, मला विचारा.

एजंटांविषयी थोडक्यात. शहरात पाट्या असतात, 'पी.आर.ची हमी'. एकानं आमच्याकडे फीशिवाय अडीच लाख मागितले होते. व्हिसाची हमी कुणीच देऊ शकत नाही. ऑस्ट्रेलियात बसून हे काम करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते, तिचा सात आकडी नंबर असतो आणि तो सरकारी यादीत आपल्याला तपासता येतो. इथे दुकान टाकून बसलेल्याला ती नोंदणी लागत नाही. अर्ज स्वतः भरता येतो. आम्ही स्वतःच भरला. फी मात्र चुकत नाही. २०२४ च्या सुरुवातीला ह्यांचे ४,६४० डॉलर, माझे २,३२०, मुलाचे १,१६०. आमच्या पैशांत साडेचार लाख. नकार आला तर परत मिळत नाहीत. माझ्या पाटल्या बँकेत गेल्या त्या तेव्हा.

हे सगळं जमलं. न जमणारी गोष्ट वेगळीच होती, आणि ती फॉर्मच्या पहिल्या पानापासून आमच्याकडे बघत होती.

त्या देशाच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. पूर्वी अवलंबून असलेल्या आईवडिलांना अशा अर्जात घालता येत असे. नोव्हेंबर २०१६ पासून ते बंद झालं. अव्वांचं नाव फॉर्ममध्ये आहे, पण 'सोबत न येणाऱ्यां'मध्ये. त्यांची जन्मतारीख विचारली तर त्या म्हणाल्या, कारहुणवीच्या दुसऱ्या दिवशी. साल विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या थोरल्या मामांजींच्या लग्नाच्या आधलं. आधारवर १ जानेवारी आहे, तेच लिहिलं.

मी ह्यांना पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, अव्वांना फी भरायच्या आधी सांगायचं. पैसे गेल्यावर विचारलं तर ते विचारणं नव्हे. हे टाळत होते. पुढे बघू, नंतर बोलावून घेऊ. पुरुषांना हे 'नंतर' फार जवळचं वाटतं. मी तो नियम काढून वाचला. आईवडिलांना कायमचं न्यायचं तर आपण आधी तिथे कायमचं व्हावं लागतं. शिवाय त्यांच्या मुलांपैकी निदान निम्मी तिथे असली पाहिजेत, किंवा दुसऱ्या कोणत्याही एका देशापेक्षा तिथे जास्त. अव्वांची तीन लेकरं. एक तिथे, दोघी इथे. गणित जमतच नाही. आणि ज्यांचं जमतं त्यांनाही, कमी फीच्या रांगेत उभं राहिलं तर तीसएक वर्षं थांबावं लागतं. लवकर हवं तर फी चाळीस हजार डॉलरच्या वर. अडुसष्ट वर्षांच्या बाईला कोण सांगणार, तीस वर्षं थांबा म्हणून?

शेवटी एका संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून त्यांना सगळं सांगितलं. अव्वा बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी काही तिकडे येणार नव्हतेच. पण येऊ नको म्हणून कागदावर लिहिलंय, ते कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मग प्रश्न आला, त्या राहणार कुणाकडे. थोरल्या वन्सं विजापूरला, धाकट्या सोलापुरात. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे; लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील. मला विचाराल तर ही रीत आता मोडायला हवी. २००७ च्या कायद्यानं आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली आहे, आणि २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाबरोबरीचा आहे. पण कायदा सांगून नणंदेशी बोलता येत नाही. मी धाकट्या वन्संकडे गेले, दोन दिवस राहिले, आणि स्वयंपाकघरात दोघींनीच बोललो. त्यांनी सरळ विचारलं, "वहिनी, आईला ठेवून घेईन मी. पण दवाखान्याचा खर्च कुणाचा? घराचं काय? दादा पाच वर्षांनी आला आणि म्हणाला की घर माझं, तर?" मला ते आवडलं. मनात ठेवून नंतर कुरबुर करण्यापेक्षा हे बरं. आता राहतं घर अव्वांच्या हयातीत विकायचं नाही, आणि पुढे तिघांचं समान, असं लिहून नोंदवलं आहे. ह्यांना ते जरा लागलं. लागू दे.

पण अव्वांनी सोलापूरला जायला नकार दिला! "माझं घर इथं, माझं देऊळ इथं, माझ्या मैत्रिणी इथं. मी दुधनीतच राहणार," म्हणाल्या. तर सध्याचं ठरलंय ते असं. पुढच्या दोन खोल्यांत एक शिक्षक जोडपं भाडेकरू म्हणून आलंय. भाड्याचे पैसे अव्वांच्या खात्यात, एटीएमचं कार्ड त्यांच्याच हातात. कामाला बाई. पंधरा दिवसांतून एकदा धाकट्या वन्सं. औषधांची नावं मोठ्या अक्षरांत कन्नडमधून लिहून कपाटाला लावलीत. अ‍ॅडलेडचं घड्याळ आपल्यापुढे चार तास, त्यांच्या उन्हाळ्यात पाच. अव्वा पहाटे पाचला उठतात. तेव्हा तिकडे सकाळचे नऊ-दहा. रोज तेव्हा फोन. हे सगळं जमेलच असं मी म्हणत नाही. एखाद्या पावसाळ्यात अव्वा पाय घसरून पडल्या तर आमची विमानं कामाची नाहीत, हे मला कळतं. रात्री दिवा मालवला की तेच डोळ्यांपुढे येतं.

व्हिसा २०२५ च्या पावसाळ्यात आला. त्यावर पहिल्यांदा कधीपर्यंत पोचायचं ती तारीखही असते. मुलाची वार्षिक परीक्षा झाली की निघायचं ठरवलं. आता आवराआवर. शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्यायचा मोह सोलापूरकडच्या कुणालाही होईल. पण तिकडे उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू कार्डावर जाहीर करावी लागते. जाहीर केलेलं त्यांनी काढून घेतलं तर दंड नाही. लपवलं तर जबर दंड, प्रसंगी व्हिसाच रद्द. म्हणून घरची तूर, बी-बियाणं, तूप काही घेतलेलं नाही. तवा आणि काटवट घेतली आहे. काटवट लाकडी, तीसुद्धा जाहीर करणार. नेऊ देतात की नाही, बघू.

आणि एक काम राहिलंय. पाहुण्या म्हणून तरी अव्वांनी एकदा यावं, असं मुलाचं म्हणणं. त्यासाठी त्यांचा पासपोर्ट हवा. साठीच्या पुढच्यांना फीत दहा टक्के सूट आहे. अर्ज मीच भरला. नावाच्या रकान्याशी आले तेव्हा त्यांना विचारलं, "अव्वा, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?" त्या लाजल्या. सत्तरीला आलेली बाई, पण लाजल्या. मग सांगितलं. ते इथे लिहीत नाही; त्यांना न विचारता कसं लिहू?

येत्या मंगळवारी सोलापूरला जायचंय. फोटो तिथेच काढतात. अव्वा दोन दिवसांपासून विचारतायत, हिरवं इरकल नेसू की जांभळं.